साहेबाला रुसण्याचा अधिकार नाही

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी अर्ज भरला. कंपनीच्याच पोर्टलवर, कंपनीनेच जाहीर केलेल्या जागेसाठी, कंपनीनेच ठरवलेल्या नियमांत बसून. हिंजवडीतल्या त्याच इमारतीत दोन मजले वर एक टीम होती, तिला बिझनेस ॲनालिस्ट हवा होता. मी सहा वर्षं अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या क्लेम्सच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करत होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या रिक्वायरमेंट्समध्ये कुठे काय चुकलंय हे सहा वर्षं सांगून झाल्यावर त्या आपणच लिहून बघाव्यात असं वाटणं, यात मला काही बंडखोरी दिसली नव्हती. अर्ज भरला की पोर्टल आपोआप मॅनेजरला मेल पाठवतं. दुपारपर्यंत ती त्याने वाचली असणार, कारण पाचच्या मीटिंगमध्ये त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

बुधवारी 'अगं' गेलं.

हे बाहेरच्या माणसाला कळायला जरा अवघड आहे, म्हणून सांगते. आमच्या क्षेत्रात कुणी कुणाला सर-मॅडम म्हणत नाही. सगळे एकेरी, सगळे पहिल्या नावाने. माझा मॅनेजर मराठी, मीही मराठी. त्यामुळे आमचा सगळा कारभार 'अगं ऐक ना' आणि 'अरे थांब जरा' यांतच चालायचा. बुधवारपासून त्याच्या मेल 'हाय'ने सुरू होऊन 'रिगार्ड्स'ने संपू लागल्या. चॅटवर मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. पुण्यात एक मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाशी आजूबाजूला कुणी नसतानाही इंग्रजीत बोलू लागला, की एकतर प्रेम संपलंय किंवा उसने पैसे थकलेत असं समजावं.

मग एकेक गोष्ट. क्लायंटबरोबरच्या रात्री साडेआठच्या कॉलच्या निमंत्रणातून माझं नाव गळलं. विचारलं तर उत्तर आलं, "तुला उगाच रात्री थांबायला नको." दर गुरुवारची आमची वन-ऑन-वन तीनदा पुढे ढकलली गेली आणि चौथ्या वेळी कॅलेंडरवरूनच नाहीशी झाली. रजेचा अर्ज पूर्वी पाच मिनिटांत मंजूर व्हायचा, तो नऊ दिवस पडून राहिला. नव्या रिलीजची आखणी झाली ती मला टीममधल्या सर्वांत नव्या मुलीकडून कळली. यातली एकही गोष्ट तक्रार करण्याजोगी नाही. कॉलला न बोलावणं हा गुन्हा नाही, मीटिंग पुढे ढकलणं हाही नाही. एचआरकडे जाऊन मी काय सांगणार होते? की तो मला आता 'अगं' म्हणत नाही?

हा लेख त्या सांगता न येणाऱ्या तक्रारीबद्दल आहे. आणि ती तक्रार घेऊन गेल्यावर मिळणाऱ्या सल्ल्याबद्दल जास्त आहे, कारण थंडपणापेक्षा तो सल्लाच मला अधिक घातक वाटतो.

*

सल्ला सगळीकडून एकच येतो. "तू त्याला आधी विश्वासात घ्यायला हवं होतंस." "तो जरा दुखावलाय, एवढंच." "एकदा कॉफीला घेऊन जा, मोकळेपणाने बोल, त्याचे आभार मान." "थोडे दिवस जाऊ दे, निवळेल." एचआरमधली मुलगी हेच म्हणाली, दहा वर्षांचा मित्र हेच म्हणाला, आणि आयुष्यात कधी नोकरी न केलेल्या माझ्या मावशीनेही हेच सांगितलं. इतक्या वेगवेगळ्या माणसांचं एकमत झालं की समजावं, कुणी विचार केलेला नाही.

या सगळ्या सल्ल्यांमागे चित्र एकच आहे: रुसलेला जावई. जेवणाच्या पंक्तीत जावई रुसतो, मग सासू-सासरे त्याची मनधरणी करतात. कशावरून रुसला हे कुणी त्याला विचारत नाही; आपलं काय चुकलं हे सगळे स्वतःला विचारत बसतात. रुसण्याचं काम त्याचं आणि समजूत काढण्याचं काम इतरांचं, ही वाटणी आधीच झालेली असते. ऑफिसात मॅनेजर रुसला की आपण नेमकी हीच वाटणी मान्य करतो. नियमाने अर्ज करणारी व्यक्ती अपराधी ठरते, आणि जो पगार घेऊन माणसं सांभाळण्याचं काम करतो त्याचं 'मन' सांभाळणं हे तिचं काम होऊन बसतं.

आता जरा आपल्याकडच्या रुसण्याच्या परंपरेकडेच बघू. कोपभवनात कोण जातं? कैकेयी जाते. दशरथ जात नाही. राजाला रागवायचं असेल तर त्याला वेगळं दालन लागत नाही, त्याच्याकडे राज्य असतं. रुसवा, अबोला, जेवणाचं ताट बाजूला सारणं ही ज्याच्या हाती दुसरं काही नाही त्याची शस्त्रं आहेत. पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत बायकांनी अबोला धरला, कारण बोलून कुणी ऐकत नव्हतं. त्या अबोल्यात दुसऱ्याचं नुकसान करायची ताकद नव्हती; जेमतेम घरातली हवा जड करण्याची होती. म्हणूनच अबोल्याबद्दल आपल्या मनात एक मऊ कोपरा असतो. गाण्यांत तो गोड असतो, गोष्टींमध्ये शेवटी मिटतो.

पण ज्याच्या हातात तुमची रजा, तुमचा शेरा, तुमचा बोनस आणि तुमची सुटका आहे, तो अबोला धरतो तेव्हा तो अबोला राहत नाही. ती शिक्षा असते. फरक एवढाच, की शिक्षा द्यायची तर आरोप लिहावा लागतो, समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं, खाली सही करावी लागते. इथे यातलं काहीच करावं लागत नाही. रुसव्याचे कपडे घालून शिक्षा येते आणि आपण तिला बसायला पाट देतो.

*

ही शिक्षा चालते कशी, ते सांगायला हवं. नाहीतर 'थोडं मनाला लावून घेतलंस' हे ऐकावं लागतं.

क्लायंटच्या कॉलमधून नाव काढलं, म्हणजे क्लायंटला मी दिसेनाशी झाले. सहा महिन्यांनी वार्षिक मूल्यमापनात माझ्या नावापुढे लिहिलं गेलं, की क्लायंटसमोर व्हिजिबिलिटी कमी पडली. ज्याने पडदा ओढला त्यानेच अंधार असल्याची नोंद केली. सहा वर्षांत पहिल्यांदा माझा शेरा घसरला.

याच्यामागे बेल कर्व्ह आहे. ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी: टीममधल्या ठरावीक टक्के लोकांना वरचा शेरा, बऱ्याच जणांना मधला आणि काहींना खालचा द्यायचाच, मग सगळ्यांनी उत्तम काम केलेलं असो. म्हणजे दर वर्षी मॅनेजरला कुणाचा तरी बळी द्यावा लागतो. तो कुणाचा देईल? जो उद्याही त्याच्याबरोबर राहणार आहे त्याचा, की जो जाऊ बघतोय त्याचा? जाणाऱ्याला खालचा शेरा देणं ही मॅनेजरसाठी सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. राहणारे खूश, कोटा पूर्ण. त्यासाठी मॅनेजर दुष्ट असावा लागत नाही, हिशेबी असला की पुरतो. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची उतरंड २०१३च्या नोव्हेंबरमध्ये बंद केली. सहकाऱ्याशी सहकार्य करण्याऐवजी त्याच्याशी स्पर्धा करणं माणसांना फायद्याचं ठरू लागलं होतं, ही टीका तोवर गाजून झाली होती. ही पद्धत कुठे उघड चालते, कुठे नाव बदलून चालते, आणि जिथे ती आहे तिथे अंतर्गत बदलीचा अर्ज म्हणजे आपणहून बळीच्या रांगेत उभं राहणं असतं.

मग सुटकेचा प्रश्न. मी वरच्या टीमच्या दोन्ही मुलाखती पास झाले. त्यांनी मला मागितलं. माझ्या मॅनेजरने कळवलं, की मी 'बिझनेस क्रिटिकल' आहे आणि रिलीजची तारीख आत्ता सांगता येणार नाही. ज्या बाईला रात्रीच्या कॉलला बोलवायची गरज नव्हती ती अचानक इतकी महत्त्वाची झाली, की तिला दोन मजले वर जाऊ देता येईना. वरच्या टीमने तीन महिने वाट बघितली आणि बाहेरून दुसरा माणूस घेतला. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आठव्या महिन्यात मी राजीनामा दिला. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड. राजीनाम्याची मेल गेल्यावर बारा मिनिटांत 'अगं' परत आलं. "अगं, हे काय? खाली ये, कॉफी घेऊ." कॉफी घेताना त्याने मला ॲनालिस्टचं काम द्यायची तयारी दाखवली. आमच्याच टीममध्ये, येत्या एक तारखेपासून. आठ महिने जे अशक्य होतं ते बारा मिनिटांत शक्य झालं. मी कॉफी प्यायले आणि गेले.

*

आता दुसरी बाजू, आणि ती मी टाळणार नाही, कारण ती अगदीच पोकळ नाही.

मॅनेजर म्हणतो: मी हिला कामाला लावलं, शिकवलं, चुका केल्या तेव्हा क्लायंटसमोर पाठीशी घातलं. आता ती तयार झाली आणि चालली. तिची जागा भरायला मला तीन महिने लागणार, नव्या माणसाला विम्याचा धंदा समजायला आणखी सहा. तोवर डेडलाइन माझ्या डोक्यावर. वरचा साहेब मला विचारणार, तिला नाही. मग मला वाईटसुद्धा वाटू नये?

वाईट वाटावं, जरूर. वाटण्यावर कुणाची बंदी नाही. पण वाटणं आणि वागणं यांच्यामध्ये जी जागा असते ना, तिचाच मॅनेजरला पगार मिळतो. डॉक्टरला एखाद्या रुग्णाचा राग येऊ शकतो. म्हणून त्याने औषध अर्धं दिलेलं आपण चालवून घेत नाही. आणि माणूस जाणार, त्याची जागा भरावी लागणार, काम शिकवावं लागणार ही आपत्ती नाही, हे मॅनेजरच्या कामाचं वर्णन आहे. एका माणसाच्या जाण्याने प्रोजेक्ट कोसळत असेल तर तो दोष त्या माणसाच्या महत्त्वाकांक्षेचा की प्रोजेक्टच्या आखणीचा?

'मी हिला घडवलं' या वाक्याबद्दलही थोडं. शिकवलं हे खरं. पण शिकलेल्या कामाचे तास दर महिन्याला क्लायंटला बिलात लावले गेले, ते पैसे कंपनीला मिळाले, आणि टीम चांगली चालते म्हणून मॅनेजरची बढती झाली. हिशेब दर महिन्याला चुकता होत होता. 'घडवलं' म्हणणारा त्याच हिशेबाची दुसऱ्यांदा वसुली करतोय. गंमत म्हणजे मंदी आली की हाच माणूस, हाच आवाज, 'कुणीही अपरिहार्य नसतं' असं सांगतो. काढताना माणूस म्हणजे संख्या, आणि जाताना घरचा सदस्य. 'आपण एक कुटुंब आहोत' हे कंपनीचं वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलं आहे. त्या कुटुंबात थोरल्यांना रुसायची मुभा आहे आणि धाकट्यांना बेंचवर बसवायची सोय.

*

माणसांना जागेवर धरून ठेवण्याची हौस कुठवर जाऊ शकते, याचं मोठं उदाहरण आमच्याच धंद्यात आहे. २०१० साली अमेरिकेच्या न्याय खात्याने ॲडोबी, ॲपल, गूगल, इंटेल, इंट्युइट आणि पिक्सार या सहा कंपन्यांवर कारवाई केली. आरोप असा, की यांनी आपापसांत ठरवून घेतलं होतं: तुझ्या माणसाला मी फोन करणार नाही, माझ्या माणसाला तू करायचा नाहीस. कंपन्यांना हे बंद करण्याचं कबूल करावं लागलं. पुढे इंजिनिअरांनी मिळून केलेल्या दाव्यात त्यांतल्या ॲडोबी, ॲपल, गूगल आणि इंटेल यांनी ४१ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड केली, ती न्यायालयाने २०१५मध्ये मंजूर केली. कारण उघड आहे: आपल्याला कोण बोलावतंय हेच माणसाला कळलं नाही, तर आपली किंमत काय हेही त्याला कळत नाही.

दोन कंपन्यांनी असं केलं तर त्याला स्पर्धाविरोधी करार म्हणतात. एकाच कंपनीत चौथ्या आणि सहाव्या मजल्यावरच्या दोन मॅनेजरांनी चहा पिता पिता हेच ठरवलं तर त्याला 'अंडरस्टँडिंग' म्हणतात. "तिला आत्ता घेऊ नकोस यार, माझं रिलीज आहे." "चालेल, पण पुढच्या वेळी तूही बघ." हे संभाषण ज्याने ऐकलं नाही त्याने आयटीत काम केलेलं नाही.

आपल्याकडचा कायदा सोडून जाणाऱ्याची बाजू बऱ्यापैकी घेतो. १८७२च्या करार कायद्याचं २७वं कलम सांगतं, की कुणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. म्हणजे नोकरी सोडून मी रस्त्यापलीकडच्या कंपनीत गेले तर अडवणं कठीण. पण रस्ता न ओलांडता, जिना चढून दोन मजले वर जायचं असेल, तर एक माणूस नुसता गप्प बसून मला थांबवू शकतो. निष्ठावंत राहण्यापेक्षा सोडून जाणं सोपं, अशी ही रचना आहे.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७०च्या आपल्या पुस्तकात मांडलं होतं, की एखाद्या संस्थेत मन रमेनासं झालं की माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणं किंवा बोलणं. निष्ठा असेल तर तो आधी बोलून बघतो. माझ्या मते अंतर्गत अर्ज हे त्या निष्ठेचं सर्वांत सभ्य रूप आहे. अर्ज करणारी व्यक्ती म्हणते, मला इथेच राहायचंय, फक्त वेगळं काम करायचंय. त्याचं उत्तर थंडपणाने मिळालं, की बाकीचे धडा शिकतात. माझ्यानंतर त्या टीममधल्या तिघांनी नोकरी बदलली. अंतर्गत अर्ज एकानेही केला नाही. त्यांनी माझं बघितलं होतं.

*

माझे वडील एका जिल्हा परिषदेत लिपिक होते. त्यांनी एकदा दुसऱ्या खात्यातल्या जागेसाठी अर्ज केला. सरकारी नोकरीत असा अर्ज 'योग्य मार्गाने', म्हणजे आपल्याच साहेबामार्फत करावा लागतो. साहेबाला ते आवडलं नाही. त्याने वडिलांशी बोलणं बंद केलं, उन्हाळ्यात त्यांचं टेबल पंख्याखालून हलवून दाराशी लावलं आणि अर्ज ट्रेमध्ये ठेवून दिला.

थोडक्यात, साहेब तोच. पण वडिलांकडे एक गोष्ट होती जी माझ्याकडे नव्हती: आवक क्रमांक. अर्ज दिला त्या दिवशी आवक-जावक बारनिशीत त्याची नोंद झाली होती आणि पोच म्हणून त्यांच्या प्रतीवर शिक्का बसला होता. दर सोमवारी ते त्या क्रमांकाने विचारायला जात. महिन्याने त्यांनी स्मरणपत्र दिलं, त्यालाही क्रमांक. मग दुसरं स्मरणपत्र, त्याची प्रत वरच्या कार्यालयाला. शेवटी साहेबाला लेखी शेरा मारूनच अर्ज पुढे पाठवावा लागला. तो मुदत संपल्यावर पोचला आणि वडिलांना ती जागा काही मिळाली नाही. मी सरकारी कचेरीचं कौतुक करत नाहीये. पण अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या टेबलावर पडून होता हे तिथे कागदावर होतं. साहेब रुसला होता, याचा पुरावा बारनिशीत होता.

आम्ही त्या कचेऱ्यांना हसत मोठे झालो. लाल फीत, धूळ, फायली. आणि काचेच्या इमारतीत गेलो, जिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि कशाचीच बारनिशी नसते. एकेरी हाकेने सत्ता कमी होत नाही. ती दिसेनाशी होते. साहेबाला 'साहेब' म्हणत होतो तेव्हा निदान तो साहेब आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

*

इथे लेख संपवता आला असता, पण एक गोष्ट राहते.

नव्या कंपनीत दोन वर्षांनी मी लीड झाले. सात जणांची टीम. त्यात परभणीकडचा एक मुलगा होता, हुशार, कामाला वाघ. एके दिवशी संध्याकाळी घरी परतताना मोबाईलवर पोर्टलची मेल आली: त्याने क्लाउडच्या टीमसाठी अर्ज केला होता. मला पहिल्यांदा काय वाटलं ते मी लिहून ठेवायला हवं. दुःख नाही वाटलं. 'याला मी शिकवलं,' असं वाटलं. त्यानंतर लगेच, 'मला सांगितलंसुद्धा नाही.'

पुढच्या आठवड्यात मी त्याला एका कॉलमधून काढलं. त्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "तुला उगाच रात्री थांबायला नको." वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला ते ओळखू आलं. दोन दिवसांनी तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, माझं काही चुकलं का?" त्याआधी तो मला नावाने हाक मारायचा.

मी त्याला कॉलवर परत घेतलं, रिलीजची तारीख दिली, आणि तो महिन्याभरात गेला. इथवर मी बरी वागले असं म्हणता येईल. पण मधे मूल्यमापन आलं. सात जणांत एकाला खालचा शेरा द्यायचा होता. मी त्याचं नाव दिलं. तो जाणारच होता. कारण म्हणून मी जे लिहिलं ते खोटं नव्हतं. फक्त बाकीच्या सहा जणांबद्दलही तेवढंच खरं होतं. त्याचा त्या वर्षीचा बोनस गेला. दर दिवाळीला तो मला शुभेच्छा पाठवतो.

म्हणून 'मॅनेजर चांगला असला की झालं' यावर माझा विश्वास राहिलेला नाही. ज्याने हे सोसलंय, ज्याला हे कळतंय, तोसुद्धा तेच करतो, कारण रचनेने ते सोपं करून ठेवलंय आणि त्याची नोंद कुठेही होत नाही. मॅनेजरांना संवेदनशीलतेचं प्रशिक्षण देऊन काही होणार नाही. मी ते दोनदा घेतलंय, शेवटी जेवणही चांगलं होतं.

करायचं ते साधं आहे. अंतर्गत अर्जाला सध्याच्या मॅनेजरची परवानगी लागू नये, त्याला फक्त माहिती मिळावी, आणि तीही निवड झाल्यावर. निवड झाली की सुटकेची तारीख नियमाने ठरावी, तीस दिवस किंवा पंचेचाळीस, त्यात 'क्रिटिकल' हा अपवाद नसावा. राजीनाम्याला तो नसतो, मग बदलीला कशाला? अर्ज केलेल्या माणसाचा त्या वर्षीचा शेरा त्याच मॅनेजरने एकट्याने ठरवू नये. आणि शेरा घसरला तर आदल्या वर्षापेक्षा काय बदललं हे लेखी द्यावं लागावं. यात क्रांतिकारक काही नाही. वडिलांच्या कचेरीतल्या धुळकट बारनिशीएवढी ही मागणी आहे.

आणि आत्ता ज्यांचं 'अगं' किंवा 'अरे' गेलंय त्यांना: कॉफीला घेऊन जाऊ नका. माफी मागू नका. आभार मानायचे तर निरोपाच्या दिवशी माना. ज्या दिवशी कॉलमधून नाव गळलं त्याच दिवशी दोन ओळींची मेल टाका: 'आजपासून मी या कॉलला नसेन असं समजते, माझ्या कामाच्या वाटणीत काय बदल झालाय ते कळवाल का?' राग नको, उपरोध नको, तारीख हवी. वन-ऑन-वन रद्द झाली की पुढची तारीख लेखी मागा. रिलीज नाकारलं तर कधी मिळेल ते विचारा, प्रत नव्या टीमला. थंडपणाला कागद आवडत नाही. त्याचं सगळं बळ काहीच न सांगण्यात असतं. यातून जागा मिळेलच असं नाही, वडिलांना मिळाली नव्हती. पण सहा महिन्यांनी 'व्हिजिबिलिटी कमी पडली' असं लिहिताना त्या हाताला थोडं थांबावं लागेल.

हा लेख प्रसिद्ध झाला की मी तो परभणीच्या त्या मुलाला पाठवणार आहे. त्या वर्षीच्या त्याच्या शेऱ्याचं खरं कारण वर लिहिलंय. ते त्याला तेव्हाच लेखी मिळायला हवं होतं.